बाथर्स्टचा घाट

१९८० च्या ऑक्टोबरात एका रविवारी ऑस्ट्रेलियात एक गाडी धोंड्यावर आपटली आणि टीव्ही केंद्रातले फोन खणखणायला लागले. गाडी डिक जॉन्सनची. हा क्वीन्सलंडचा गडी कुठल्या कंपनीच्या पगारावर नव्हता. स्वतःच्या हिमतीवर फोर्ड फाल्कन तयार करून, होतं नव्हतं ते तिच्यात घालून तो शर्यतीला उतरला होता. हजार किलोमीटरची शर्यत, समोर होल्डन कंपनीचा लाडका पीटर ब्रॉक, आणि तरीही जॉन्सन पुढे. अठराव्या फेरीत चढावर एका बाजूला बंद पडलेली गाडी उचलायला आलेला टो-ट्रक होता आणि उरलेल्या बाजूला, ऐन रस्त्यात, धोंडा. ट्रक चुकवावा तर धोंडा, धोंडा चुकवावा तर ट्रक. जॉन्सन धोंड्यावर गेला आणि तिथून भिंतीवर. गाडीचा चक्काचूर झाला.

थोड्या वेळाने तो टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा त्याला बोलवेना. पैसा संपला होता, गाडी संपली होती. ते पाहून घराघरांतून लोक फोन करून पैसे कबूल करू लागले. कुणी पाच डॉलर, कुणी पन्नास. बघता बघता सुमारे ७२ हजार डॉलर जमले आणि तेवढीच भर फोर्ड कंपनीने घातली. पुढच्या वर्षी जॉन्सन नवी फाल्कन घेऊन आला आणि जिंकला. तो धोंडा आपोआप घरंगळला की वर बसलेल्यांपैकी कुणी ढकलला, हा वाद तिथे आजही सुरू करता येतो.

पण मुळात शर्यतीच्या ट्रॅकवर धोंडा येतोच कसा? येतो, कारण ही शर्यत जिथे होते तो बाथर्स्टचा माउंट पॅनोरमा हा नेहमीच्या अर्थाने ट्रॅक नाहीच. तो घाटरस्ता आहे. त्याच्या कडेला झाडं आहेत, दरड आहे, लोकांची घरं आहेत, द्राक्षमळा आहे. वर्षातले मोजके दिवस सोडले तर इथून दूधवाला जातो, शाळेची मुलं जातात, कांगारू तर केव्हाही आडवे जातात. मोटारशर्यतीच्या जगात या डोंगराचं नाव मोठ्या अदबीने घेतलं जातं ते याच रस्तेपणामुळे, असं माझं मत आहे. ज्यांनी ज्यांनी त्याला नीटनेटका ट्रॅक करायला घेतला, त्यांना डोंगराने थोडंफार जुमानलं, पूर्ण कधीच नाही.

बाथर्स्ट हे गाव सिडनीच्या पश्चिमेला साधारण दोनशे किलोमीटरवर, ब्लू माउंटन्स ओलांडल्यावर लागतं. १८१५ मध्ये गव्हर्नर मॅक्वारीने वसवलेली, किनारा सोडून आत गेलेली गोऱ्यांची ही पहिली वसाहत. जमीन विराजुरी लोकांची. त्यांनी ती सुखासुखी दिली नाही. विंड्राडाइन नावाच्या त्यांच्या म्होरक्याने प्रतिकार केला आणि १८२४ मध्ये सरकारने इथे लष्करी कायदा पुकारला. १८५१ मध्ये जवळच्या ओफिरला सोनं सापडलं, मग आगगाडी आली, रेल्वेचं कारखानी गाव झालं. बेन चिफ्ली हा इथला इंजिन ड्रायव्हर पुढे देशाचा पंतप्रधान झाला. १९४८ मध्ये पहिली ऑस्ट्रेलियन बनावटीची होल्डन मोटार लोकांसमोर आणली ती याच चिफ्लीने. त्याच्या गावच्या डोंगरावर ही मोटार पुढे काय काय करणार आहे, हे पाहायला तो उरला नाही. १९५१ मध्ये तो गेला.

रस्त्याची गोष्ट त्याआधीची. १९३० च्या दशकात जगभर मंदी होती आणि बाथर्स्टमध्येही हाताला काम नव्हतं. सरकार बेकारांना काम देण्यासाठी पैसे देत होतं, आपल्याकडे दुष्काळी कामं निघतात तसे. मार्टिन ग्रिफिन नावाचा महापौर गावाला लाभला होता आणि त्याला शर्यतींचा नाद होता. शर्यतीच्या ट्रॅकसाठी मदतनिधी कोण देणार? म्हणून कागदावर आला तो पर्यटकांसाठी डोंगरावरचा निसर्गरम्य रस्ता. मजुरांनी फावडी-कुदळींनी तो खोदला, आणि १७ मार्च १९३८ रोजी त्याचं उद्घाटन झालं. महिनाभरात, ईस्टरच्या सुट्टीत, त्या निसर्गरम्य रस्त्यावर मोटारसायकली धावल्या आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियन ग्रां प्री. ती पीटर व्हाइटहेड या इंग्रजाने ईआरए गाडीत जिंकली. रस्त्यावर तेव्हा डांबरही नव्हतं. सरकारी योजनेच्या रकान्यात आपलं काम बसवून घेण्याची ग्रिफिनची ही हातोटी पाहून आपल्याकडचे कसलेले नगरसेवकही मान डोलावतील. एका वळणाला आज त्याचं नाव आहे.

आता फेरी मारू. पूर्ण फेरी ६.२१३ किलोमीटरची, घड्याळाच्या उलट दिशेने. २३ वळणं. पायथा आणि माथा यांच्यात १७४ मीटरचा फरक, आणि माथा समुद्रसपाटीपासून ८६२ मीटरवर.

पिट्ससमोरच्या सपाटीवरून निघालं की पहिलं डावं वळण हेल कॉर्नर. इथे पूर्वी झाडाचा एक बुंधा होता, त्यावर जो मोटारसायकलवाला आपटेल तो थेट नरकात, अशी समजूत. पुढे माउंटन स्ट्रेट, म्हणजे सरळ चढ. दोन्ही बाजूंना लोकांची फाटकं, आत घराकडे गेलेली वाट. चढ संपतो तिथे उजवीकडे ग्रिफिन्स बेंड आणि मग द कटिंग. इथे डोंगर कापून रस्ता काढला आहे आणि चढ ६.१३ ला एक इतका उभा आहे. डाव्या हाताला, उजव्या हाताला काँक्रीटच्या भिंती. त्यांच्यावर टायरच्या काळ्या रेघा आणि गाड्यांच्या रंगाचे ओरखडे एकावर एक चढलेले असतात. एक लाल, त्यावर निळा, त्यावर परत काळा. इथे दुसऱ्याला ओलांडता येत नाही. कुणी फिरला तर मागचे सगळे अडकतात.

वर पोचलं की रस्ता माथ्यावरून वाकडातिकडा पळतो. रीड पार्क, सुलमन पार्क, मॅकफिलामी पार्क. मॅकफिलामीच्या वळणावर पुढचं काहीच दिसत नाही. रस्ता डावीकडे वळतो आणि त्याच वेळी खाली पडतो. ड्रायव्हर आठवणीवर गाडी टाकतो. मग स्कायलाइन. इथे बॉनेटच्या पुढे फक्त आभाळ, आणि पुढच्या क्षणी रस्ता पायाखालून निघून गेल्यासारखा खाली. एसेस, मग डिपर, मग फॉरेस्ट्स एल्बो. जॅक फॉरेस्ट हा मोटारसायकलस्वार इथे पडला आणि त्याचं कोपर सोलवटलं, म्हणून हे त्याचं कोपर. शेवटी कॉनरॉड स्ट्रेट, लांबलचक सरळ उतार. १९३९ मध्ये फ्रँक क्लाइनिगच्या गाडीचा कनेक्टिंग रॉड इथे तुटला आणि त्या तुटक्या रॉडचं नाव रस्त्याला चिकटलं. या उतारावर आजच्या गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातात. पायथ्याला मरेज कॉर्नर. बिल मरे १९४६ मध्ये इथे धडकला होता. बहुतेक ट्रॅकवर वळणांना बँका, टायर कंपन्या आणि विजेते यांची नावं मिळतात. इथे ज्याने मार खाल्ला त्याचं नाव लागतं, ही रीत मला मनापासून आवडते.

२००३ मध्ये ग्रेग मर्फी या न्यूझीलंडच्या ड्रायव्हरने पात्रता फेरीत ही फेरी २ मिनिटं ६.८५९४ सेकंदांत काढली, तेव्हा पिट्समधल्या प्रतिस्पर्धी संघांचे लोक बाहेर येऊन टाळ्या वाजवत उभे राहिले. नंतरच्या गाड्या याहून वेगाने गेल्या. पण त्या फेरीची बरोबरी झालेली नाही, असं म्हणणारे जुने लोक आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

डोंगराला राष्ट्रीय केलं ते मात्र ग्रां प्रीने नाही, साध्या घरगुती गाड्यांच्या शर्यतीने. १९६० मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या फिलिप आयलंडवर ५०० मैलांची एक शर्यत सुरू झाली. शोरूममध्ये मिळते तशीच गाडी आणायची आणि ती दिवसभर पळवून टिकते का पाहायचं. तिथला रस्ता इतका उखडला की १९६३ मध्ये शर्यत बाथर्स्टला आणावी लागली. पहिल्या वर्षी हॅरी फर्थ आणि बॉब जेन फोर्ड कॉर्टिनात जिंकले. १९६६ मध्ये तर कमाल झाली. चिमुकल्या मिनी कूपर एसनी पहिले नऊच्या नऊ क्रमांक पटकावले. पुढच्या वर्षी फोर्डने मोठी व्ही-८ फाल्कन जीटी आणली, त्याच्या पुढच्या वर्षी होल्डनने मोनारो. मिनीचे दिवस संपले.

इथून पुढची कितीतरी वर्षं म्हणजे फोर्ड विरुद्ध होल्डन. घरात बाप होल्डनवाला असेल तर मुलगा होल्डनवाला. रविवारी जी गाडी डोंगरावर जिंकेल ती सोमवारी शोरूममधून उचलली जाई, आणि कंपन्यांना ते नेमकं कळलं होतं. नियम असा की शर्यतीत उतरवायची गाडी काही संख्येने बनवून सर्वसामान्यांना विकली पाहिजे. परिणाम काय, तर डोंगर जिंकण्यासाठी बनवलेल्या राक्षसी गाड्या नंबरप्लेट लावून रस्त्यावर यायला लागल्या. फाल्कन जीटीएचओ फेज थ्री ही त्यातली सर्वांत गाजलेली. १९७२ मध्ये सिडनीच्या एका वृत्तपत्राने, ताशी १६० मैलांनी जाणाऱ्या गाड्या लवकरच कुणालाही विकत मिळणार, अशी मोठी बातमी दिली. मंत्री चिडले, गदारोळ झाला आणि काही दिवसांत कंपन्यांनी आपापले बेत गुंडाळले. फेज फोर ही पुढची गाडी चारच नगांवर थांबली. एका डोंगरावरची शर्यत देशाच्या मोटारधोरणात हात घालते, असं दुसरीकडे क्वचितच झालं असेल.

१९७३ पासून शर्यत हजार किलोमीटरची झाली. आजच्या हिशेबाने १६१ फेऱ्या, दोन ड्रायव्हर आळीपाळीने. टीव्हीवर ती दिवसभर चाले. नुसतं बाहेरून दाखवून इतके तास लोक बसणार नाहीत म्हणून सिडनीच्या चॅनेल सेव्हनने १९७९ मध्ये धावत्या गाडीतच कॅमेरा बसवला. ड्रायव्हरच्या खांद्यावरून दिसणारं ते दृश्य आज जगातल्या प्रत्येक शर्यतीत असतं. त्याचा जन्म या घाटातला. डिक जॉन्सन तर गाडी चालवता चालवता निवेदकांशी गप्पा मारायचा, विनोद सांगायचा.

याच काळात शर्यतीचं नावही विकलं गेलं. १९८० च्या दशकात ती जेम्स हार्डी १००० होती. जेम्स हार्डी म्हणजे अॅस्बेस्टॉसचे पत्रे बनवणारी कंपनी, जिच्यामुळे छातीचे रोग जडलेल्या कामगारांनी पुढे वर्षानुवर्षं भरपाईसाठी झगडा दिला. जुन्या चित्रफितींत पुलावर, भिंतींवर, विजेत्याच्या चषकावर ते नाव झळकताना पाहिलं की आजचा ऑस्ट्रेलियन माणूस जरा गप्प होतो. नंतर बिअर कंपनी आली. आणि गंमत अशी की ज्या माणसाने ही शर्यत सगळ्यांत जास्त वेळा जिंकली, त्या पीटर ब्रॉकच्या गाडीचा क्रमांक ०५ होता तो दारू पिऊन गाडी चालवू नका या मोहिमेसाठी. व्हिक्टोरियात रक्तातल्या दारूची कायदेशीर मर्यादा ०.०५ टक्के, म्हणून ०५.

ब्रॉकबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. नऊ विजय. पहिला १९७२ मध्ये, पावसात, एकट्याने गाडी चालवून. १९७९ मध्ये त्याने आणि जिम रिचर्ड्सने दुसऱ्या क्रमांकाला सहा फेऱ्यांनी मागे टाकलं. सहा फेऱ्यांची आघाडी असलेला माणूस शेवटच्या फेरीत काय करतो? हात हलवत, सावकाश येतो. ब्रॉकने शेवटच्या फेरीत फेरीचा विक्रम मोडला. लोकांनी त्याला डोंगराचा राजा म्हटलं ते यासाठी. नववा विजय १९८७ चा. पुढे संपलेल्या दोन फोर्ड सिएरा नंतर बाद ठरल्या आणि तिसरा आलेला ब्रॉक पहिला झाला. ८ सप्टेंबर २००६ रोजी तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका रॅलीत झाडावर आदळून गेला. महिन्याभराने बाथर्स्टच्या विजेत्याला त्याच्या नावाचा चषक पहिल्यांदा दिला गेला. तो जिंकला क्रेग लाउंड्सने. ब्रॉकनेच ज्याला हाताशी धरलं होतं तो हा लाउंड्स, पण त्या वर्षी तो फोर्ड चालवत होता. होल्डनच्या राजाचा चषक फोर्डच्या गाडीवर गेला आणि होल्डनवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांचं हे औदार्य डोंगराने नेहमीच दाखवलं असं मात्र नाही. १९९२ सालची शर्यत ऑस्ट्रेलियन खेळाच्या इतिहासातला एक लाजिरवाणा दिवस आहे. जिम रिचर्ड्स आणि मार्क स्कैफ निस्सान स्कायलाइन जीटी-आर चालवत होते. चारही चाकांना जोर देणारी जपानी गाडी, लागोपाठ दुसरं वर्ष जिंकायला निघालेली. फोर्ड-होल्डनच्या चाहत्यांना ती डोळ्यांसमोर नको होती. दुपारी पाऊस आला, एकामागून एक गाड्या घसरल्या, खुद्द रिचर्ड्सची गाडीही आपटली. शर्यत थांबवून आधीच्या पूर्ण फेरीचा निकाल धरला गेला, त्यात निस्सान पहिली. खाली व्यासपीठासमोर जमाव हुर्यो करू लागला. त्याच दिवशी डेनी हुल्म, १९६७ चा जगज्जेता, कॉनरॉड स्ट्रेटवर गाडी चालवताना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. वय ५६. जाता जाताही गाडी त्याने कडेला नेऊन थांबवली. हुल्म रिचर्ड्सचा मित्र, दोघंही न्यूझीलंडचे, आणि ही बातमी रिचर्ड्सला व्यासपीठावर चढायच्या जरा आधी कळली होती. त्याने माइक हातात घेतला आणि टीव्हीवर, सगळ्या देशासमोर, जमावाला शिवी हासडली. आजही ती क्लिप पाहिली की आपण रिचर्ड्सच्या बाजूने असतो. पुढच्या वर्षापासून नियम बदलले, मुख्य गटात फक्त व्ही-८ फोर्ड आणि होल्डन उरल्या. जमावाची हुर्यो जिंकली म्हणायची.

मोटारसायकलवाल्यांचा किस्सा याहून वाईट. ईस्टरच्या मोटारसायकल शर्यती म्हणजे या डोंगराची सर्वांत जुनी परंपरा. १९८० च्या दशकात माथ्यावर मुक्काम ठोकणारे तरुण आणि पोलीस यांच्यात दरवर्षी रात्री जुंपू लागली. पोलिसांनी माथ्यावर तारेच्या कुंपणात कायमचं ठाणं बांधलं, आणि तेच दगड-बाटल्यांचं लक्ष्य झालं. दंगली, अटका, जखमी. दशक संपता संपता शर्यतच बंद पडली. दोष पोरांचा होताच, पण आधीच पेटलेल्या गर्दीच्या मधोमध ठाणं बांधण्याची अक्कल ज्याची होती, त्याचाही होता.

आजचा मुक्काम पुष्कळ शांत असतो. ऑक्टोबरात आठवडाभर आधी लोक तंबू, जुने सोफे, फ्रिज घेऊन मॅकफिलामी पार्कात येतात. बिअर किती आणायची यावर माणशी मर्यादा आहे, आणि ती चुकवण्यासाठी काही जण महिनाभर आधीच येऊन बाटल्या जमिनीत पुरून ठेवतात, असं सांगतात.

सुरक्षिततेची एक मोठी दुरुस्ती १९८७ ची. आदल्या वर्षी कॉनरॉड स्ट्रेटवर माइक बर्गमन हा ड्रायव्हर ठार झाला. जागतिक अजिंक्यपदाची फेरी इथे व्हायची तर इतकी लांब सरळ रेघ चालणार नाही, असाही दंडक होता. म्हणून तिच्या टोकाला चेस नावाचं वळणांचं जोडकाम घातलं. वेग तुटावा म्हणून घातलेलं हे वळण स्वतःच भीतीदायक निघालं, कारण त्याच्या पहिल्या भागात ड्रायव्हर वेग फारसा कमी करतच नाहीत. २०१४ मध्ये नवं डांबर घातलं, ते शर्यत चालू असतानाच ग्रिफिन्स बेंडवर उखडलं. शर्यत थांबवून डांबर बुजवावं लागलं. जवळजवळ आठ तास चाललेली ती शर्यत चॅझ मोस्टर्ट आणि पॉल मॉरिस यांनी रांगेच्या शेपटाकडून सुरुवात करून जिंकली. शेवटच्या फेरीत पुढच्या गाडीचं पेट्रोल संपलं!

डोंगराला विराजुरी नाव आहे, वालू. २०१५ पासून दोन्ही नावं अधिकृतपणे लावली जातात. नावापर्यंत गोष्ट सोपी होती. पुढे नगर परिषदेने माथ्यावर गो-कार्टचा ट्रॅक बांधायला घेतला, तेव्हा विराजुरी ज्येष्ठांनी ही जागा पवित्र आहे म्हणून विरोध केला. २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांनी ती जागा संरक्षित केली आणि बेत तिथे थांबला. गावात यावर तट पडले. मला निर्णय योग्य वाटतो. ज्या लोकांकडून सगळा डोंगर घेतला, त्यांनी माथ्याचा एक तुकडा सोडा म्हटलं तर ते फार झालं नाही.

ज्यांच्यासाठी ही सगळी लढाई झाली त्या गाड्या मात्र संपल्या. फोर्डने ऑस्ट्रेलियातला शेवटचा कारखाना २०१६ मध्ये बंद केला, होल्डनने २०१७ मध्ये. २०२० मध्ये होल्डन हा ब्रँडच गुंडाळला गेला. बाथर्स्टवर होल्डन शेवटची धावली २०२२ मध्ये, आणि जिंकली. २०२३ पासून मस्टँग आणि कमारो धावू लागल्या, दोन्ही नावं अमेरिकेची. गर्दी कमी झालेली नाही. लोक गाडीसाठी येत होते की डोंगरासाठी, याचं उत्तर त्यातून मिळालं.

आपल्याकडचं उदाहरण शेजारी ठेवून पाहावं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट २०११ मध्ये उभं राहिलं. ५.१२५ किलोमीटर, जगातल्या उत्तम ट्रॅकपैकी एक, ड्रायव्हरनी नावाजलेला. तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेल जिंकला. मग उत्तर प्रदेश सरकारने हा खेळ नसून मनोरंजन आहे म्हणून कर मागितला, बाकीचेही तंटे निघाले, आणि २०१३ नंतर ती आलीच नाही. २०२३ मध्ये एकदा मोटोजीपी झाली. ट्रॅकमध्ये खोट नव्हती. पण भोवती गाव नव्हतं, वर्षभर त्याला वापरणारं कुणी नव्हतं, आणि बंद पडला तर रडणारंही कुणी नव्हतं. बाथर्स्टला फाटकाबाहेरच ट्रॅक असलेली माणसं आहेत. शर्यतीच्या दिवसांत त्यांना स्वतःच्या घरी जायला पास लागतो, आवाजाने कान किटतात, ते तक्रारी करतात, आणि रस्ता टिकवतातही.

सिडनीला मुलाकडे, मुलीकडे जाणारे आपल्यातले पुष्कळ जण ब्लू माउंटन्समध्ये थ्री सिस्टर्स पाहून माघारी फिरतात. एक दिवस जास्तीचा काढून आणखी पश्चिमेला जा. मरेज कॉर्नरजवळ राष्ट्रीय मोटारशर्यत संग्रहालय आहे, तिथे आधी जुन्या गाड्या पाहा आणि मग स्वतःची गाडी डोंगरावर घाला. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. रस्ता दुतर्फा चालू असतो, समोरून गाड्या येतात, वेगाची मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे आणि पोलीस ती कसोशीने पाळायला लावतात. ऑक्टोबरातल्या हजार किलोमीटरच्या शर्यतीच्या वेळी आणि वर्षातले आणखी काही दिवस रस्ता बंद असतो, तेव्हा निघण्यापूर्वी तारखा बघून घ्या.